थंडीवर कॉलेजांना उपाय मिळाला, पोरांना नाही: बिग टेन आणि एनसीएएला खुलं पत्र

प्रति,
बिग टेन कॉन्फरन्स आणि एनसीएएमध्ये फुटबॉल रिक्रूटिंगचे नियम आणि तारखा ठरवणारे सगळे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं झाली मिनियापोलिसजवळ राहते. माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये किकर, म्हणजे पायाने बॉल मारून पोस्टमधून घालणारा खेळाडू, आहे आणि यंदा सीनियर, म्हणजे बारावीला आहे. बिग टेन म्हणजे मुळात उत्तरेतल्या मोठ्या कॉलेजांचा गट आणि एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी देशभरची संस्था. तुमच्या दोन्ही ऑफिसांना हे पत्र इंग्रजीत पाठवलंय, पण मराठीतही लिहितेय कारण अमेरिकन फुटबॉल हा आपल्या पोरांचा खेळ नाही असं म्हणायचे दिवस आता गेले. लहानपणी सॉकर खेळून पाय तयार झालेली आपली मुलं आठवी-नववीत किकर म्हणून टीममध्ये जातात, आईबाप कौतुकाने थंडीत ब्लँकेट गुंडाळून मॅच बघतात, आणि पुढे कॉलेजचं रिक्रूटिंग, म्हणजे टीमसाठी पोरं निवडणं, सुरू झालं की नक्की काय चाललंय तेच कुणाला कळत नाही. त्या आईबापांनी पण हे वाचावं.

माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. उत्तरेकडच्या थंडीमुळे चांगली पोरं आपल्याकडे येत नाहीत ही तुमच्या कॉलेजांची जुनी अडचण, आणि ती तुम्ही गेल्या दहा वर्षांत नियम बदलून, पैसे घालून बऱ्यापैकी सोडवलीत. पण त्याच थंडीत वाढणाऱ्या शाळकरी पोरांची अडचण कुणीच बघितली नाही, उलट तुम्ही केलेल्या बदलांमुळे ती वाढली.

आधी तुमच्या बाजूचं सांगते, कारण ते खरंच आहे. फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथे खेळाडूंचा नुसता पूर आहे, आणि तिथल्या सतरा वर्षांच्या पोराला डिसेंबरमध्ये मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन दाखवायला आणलं तर तो विमानतळाच्या दारातूनच मनाने परत जातो. पूर्वी सीनियर वर्ष सुरू होईपर्यंत ऑफिशियल व्हिजिट देताच यायची नाही, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने येऊन कॅम्पस बघणं सप्टेंबरनंतरच, आणि शाळेचा सीझन संपेपर्यंत इकडे बर्फ पडलेला. मिशिगनचे तेव्हाचे कोच जिम हार्बॉ २०१५ मध्ये दक्षिणेत फिरून सॅटेलाइट कॅम्प, म्हणजे स्वतःच्या कॉलेजपासून दूर पोरं बघायचे कॅम्प, घ्यायला लागले, २०१६ मध्ये तर अख्खी टीम स्प्रिंग ब्रेकला प्रॅक्टिससाठी फ्लोरिडात ब्रेडेंटनला घेऊन गेले, त्यावरून केवढा गदारोळ झाला. एनसीएएने त्या एप्रिलमध्ये सॅटेलाइट कॅम्पवर बंदी घातली आणि त्याच महिन्यात ती उठवली पण. मग नियम बदलले, आणि २०१८ च्या एप्रिलपासून ज्युनियर वर्षातल्या, म्हणजे अकरावीतल्या, पोरांना एप्रिल ते जूनमध्ये ऑफिशियल व्हिजिट द्यायची मुभा मिळाली. उत्तरेतल्या कॉलेजांना हवं होतं ते मिळालं. आता दक्षिणेतला पोरगा जूनमध्ये येतो, तळी चमकतायत, रात्री नऊपर्यंत उजेड आहे, लोक सायकली चालवतायत, तो खूश होऊन हो म्हणून जातो. (जानेवारीत पहिल्यांदा नाकातला ओलावा गोठतो तेव्हा त्यातली काही पोरं फार एकटी पडतात. त्यांनाही व्हिजिटमध्येच कुणीतरी हिवाळा नीट समजावून सांगायला हवा, कारण पुढची चार वर्षं त्यांना इथे काढायची असतात.)

सोयींचंही तसंच. मिनेसोटाची कॉलेज टीम १९८२ ते २००८ मेट्रोडोमच्या छताखाली खेळली, २००९ मध्ये कॅम्पसवरच्या उघड्या स्टेडियमात आली, आणि २०१८ मध्ये १६ कोटी ६० लाख डॉलर खर्चून ॲथलीट्स व्हिलेज उभं राहिलं ज्यात पूर्ण इनडोअर फुटबॉल मैदान आहे. तुमच्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजकडे आता असं काही ना काही आहे. बाहेर उणे वीस असो, आत पोरं टीशर्टवर पळतात. चांगलंच आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आता सांगते.

कोच लोक शाळाशाळांतून फिरून पोरं कधी बघतात? साधारण मध्य एप्रिल ते मे अखेर. तेव्हा फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, टेक्सासमध्ये हायस्कूलचं स्प्रिंग फुटबॉल चालू असतं, हेल्मेट-पॅड घालून पूर्ण प्रॅक्टिस, कोच कुंपणाला टेकून उभा राहतो आणि एका दुपारी वीस पोरं बघून जातो. मिनेसोटात स्प्रिंग फुटबॉलच नाही. आणि असतं तरी कुठे खेळणार? २०१८ मध्ये १३ ते १५ एप्रिलला इथे हिमवादळ होऊन पंधरा इंचांच्या आसपास बर्फ पडला, ट्विन्स या इथल्या टीमच्या बेसबॉल मॅचेस पुढे ढकलाव्या लागल्या. नेमक्या त्याच एप्रिलपासून तुमच्या वसंतातल्या व्हिजिट सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत आमच्याकडची पोरं शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलवाल्यांची प्रॅक्टिस आटपल्यावर जेवढा वेळ उरेल तेवढ्यात, लाकडी फरशीवर पावलं मोजत होती. तुमचा कोच आमच्या शाळेत येतोही, पण तो बघणार काय? हात मिळवतो, उंची बघतो, मार्कलिस्ट बघतो आणि जातो.

मुलाचा सराव कसा चालतो ते पण सांगते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमची गाडी बाहेर उभी असते आणि गॅरेजमध्ये जाळी लावलेली असते. बॉल घरात हीटरशेजारी ठेवायचे, दोन-दोन काढायचे, चारपाच किक झाल्या की परत आत, कारण गार पडलेला बॉल दगडासारखा लागतो आणि पायाचा वरचा भाग लालबुंद होतो. जाळीत मारलेली किक किती लांब गेली असती, आत गेली असती की बाहेर, ते कळतच नाही. हवेने फुगवलेले मोठे घुमट आहेत ते तासावर भाड्याने मिळतात, पण तिथे सॉकरवाल्यांची गर्दी असते, रात्री उशिराची वेळ मिळते, आणि तासाचे पैसे ऐकून बरीच घरं तो नादच सोडून देतात. फ्लोरिडातला किकर तेव्हा रोज उघड्या मैदानावर खऱ्या पोस्टमधून किक मारतोय.

आणि हिवाळ्याचं जाऊ द्या, सीझनमध्ये पण तेच आहे. उबदार खोलीत १३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला बॉल २० फॅरनहाइटमध्ये, म्हणजे उणे सातच्या आसपास, राहिला की साधारण अडीच पीएसआयने उतरतो, हे साधं भौतिकशास्त्र आहे. वर गार हवा जड असते, ७० फॅरनहाइटच्या मानाने साधारण दहा टक्के जड, म्हणजे बॉल तेवढा अडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेक्शनच्या, म्हणजे राज्य स्पर्धेआधीच्या विभागीय, मॅचला अशा थंडीत, समोरून वारा असताना मारलेली ४२ यार्डांची किक आणि फ्लोरिडात टँपाला मारलेली ४२ यार्डांची किक तुमच्या कोचच्या टेबलावर येतात तेव्हा दोन्हींवर फक्त ४२ लिहिलेलं असतं. शंभर मीटर धावण्यात मागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत. तिथे वारा मोजतात. तुम्ही पोरांची चार वर्षांची शिक्षणं ठरवता आणि साधं तापमान लिहून ठेवत नाही.

हवामान माणसाला एका दिवसापुरतं काय करून टाकतं ते तुमच्याच कॉन्फरन्समध्ये दिसलंय. ५ नोव्हेंबर २०२२, इव्हॅन्स्टन, ओहायो स्टेट विरुद्ध नॉर्थवेस्टर्न, वाऱ्याने पाऊस आडवा चाललेला. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, सी. जे. स्ट्राउड, जो पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, दुसऱ्या नंबरला गेला, त्याने त्या दिवशी २६ पैकी १० पास पूर्ण केले, सगळे मिळून ७६ यार्ड. त्याला कुणी वाईट क्वार्टरबॅक म्हटलं नाही, कारण सगळ्यांनी तो वारा टीव्हीवर बघितला होता. हायस्कूलच्या पोराचा वारा कोण बघतो? आणि १९५० ची मिशिगन-ओहायो स्टेटची स्नो बोल, जिचं तुम्ही अजून कौतुक करता, त्यात मिशिगनने एकही फर्स्ट डाउन, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं, न मिळवता ९-३ ने मॅच जिंकली. ओहायो स्टेटचे ते तीन पॉइंट म्हणजे विक जॅनोविचने त्या हिमवादळात मारलेला फील्ड गोल, म्हणजे पोस्टमधून गेलेली किक. माझ्या मुलाला ती किक तोंडपाठ आहे. अशा हवेत किक मारता येणं हे कसब आहे, आणि तुमच्या कॉलेजांच्या मॅचेस नोव्हेंबरमध्ये मॅडिसनला, मिनियापोलिसला, ॲन आर्बरला असतात, मग ते कसब तुम्हालाच लागणार ना?

डिसेंबर २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची पहिली फेरी कॅम्पसवर झाली तेव्हा तर गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत ओहायो स्टेटने टेनेसीला ४२-१७ हरवलं, आणि आठवडाभर आधीपासून इकडचे सगळे फॅन्स दक्षिणेकडच्या टीमला थंडी कशी बाधेल हेच बोलत होते. थंडी तुमच्या टीमची ताकद म्हणून चालते. थंडीत घडलेला पोरगा मात्र तुमच्या यादीत खाली जातो.

आता तारखांचं. पूर्वी हायस्कूलची मुलं फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी कॉलेजशी सही करायची. डिसेंबर २०१७ पासून ख्रिसमसच्या आधीची अर्ली साइनिंग आली, आणि २०२४ मध्ये तुम्ही तीही अजून अलीकडे ओढून डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी आणलीत. फेब्रुवारीची तारीख अजून आहे पण तोवर जागा संपलेल्या असतात. आमच्या स्टेटच्या सेमीफायनल आणि फायनल नोव्हेंबरमध्ये होतात, यू.एस. बँक स्टेडियमच्या छताखाली. आमच्या पोरांना अख्ख्या सीझनमध्ये वारा नसलेलं, कोरडं, सगळ्यांना सारखं मैदान मिळतं ते तिथेच, आणि ते मिळेपर्यंत तुमचे निर्णय जूनमध्येच होऊन गेलेले असतात. सीनियर वर्षाचा सीझन, ज्यात थंडीकडचं पोर पहिल्यांदा नीट दिसतं, तो तुमच्या हिशोबात जवळजवळ धरलाच जात नाही.

त्यात २०२५ च्या सीझनपासून टीममध्ये १०५ खेळाडूंची मर्यादा आली. आधी स्कॉलरशिप ८५ असायच्या पण बाकी वॉक-ऑन म्हणून, स्वतःच्या खर्चाने, पोरं टीममध्ये राहू शकायची. उशिरा दिसलेल्या पोरांचा तो रस्ता होता, किकर आणि लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारे) लोकांचा तर खास करून. तो आता फार अरुंद झालाय.

मग उरतो तो एकच मार्ग. जूनमध्ये दक्षिणेत कॅम्पला जा, तिथे कोचसमोर किक मारून दाखवा. आणि मी हे पत्र लिहायला बसले ते मुख्यतः तिथे जे बघितलं त्यामुळे.

गेल्या जूनमध्ये आम्ही दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या कॅम्पला गेलो. नाव लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजपुरतं नाही. घरून निघालो तेव्हा सकाळी अंगात जॅकेट होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सियस, आणि दमटपणा असा की श्वास घेताना जड वाटावं. मैदान आर्टिफिशियल टर्फचं, जे उन्हात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. आधी सगळ्यांची स्प्रिंटची टायमिंग घेतली, मग किकर लोकांची रांग, सावली नाही. माझा मुलगा रांगेतून बाहेर आला, उलटी केली, आणि मी त्याला कॅम्पचा नंबर विचारला तर त्याला सांगता येईना. नंबर त्याच्या छातीवर चिकटवलेला होता. मी सांगलीच्या उन्हाळ्यात वाढलेय, ऊन लागलेली माणसं मी बघितलीयत, पण स्वतःच्या मुलाने माझ्याकडे बघून ओळख नसल्यासारखे डोळे केले तेव्हा माझे हात कापायला लागले.

मी विचारलं बर्फाच्या पाण्याचा टब कुठाय. तिथला मुलगा म्हणाला की टब ट्रेनिंग रूममध्ये आहे, आणि ती बिल्डिंग आज बंद आहे. त्याने पाण्याची बाटली दिली आणि सावलीत बसवा म्हणाला. बिचारा स्वतः कॉलेजचा विद्यार्थी होता, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. आम्ही इतर पालकांच्या कूलरमधला बर्फ टॉवेलांत भरून मुलाच्या मानेला, काखेत, मांड्यांना लावला, बदलत राहिलो. हळूहळू तो भानावर आला. त्याच्या अंगातलं तापमान शेवटपर्यंत कुणी मोजलं नाही. आणि मैदानावर स्प्रिंट चालूच होत्या.

तुम्हाला हे नवीन नाही. २९ मे २०१८ ला मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेअर टीमच्या वर्कआउटमध्ये पळता पळता कोसळला आणि १३ जूनला गेला. १९ वर्षांचा होता. मेरीलँड तुमच्याच बिग टेनमधलं. त्याचं तापमान घेतलं नाही आणि त्याला थंड पाण्यात बुडवलं नाही हे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. त्याच्या आधी, १ ऑगस्ट २००१ ला, आमच्याच मिनेसोटात मँकेटोला वायकिंग्ज या एनएफएल टीमचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी आहे, आणि त्यांचं सांगणं इतकं सोपं आहे की शाळेतल्या पोरालाही कळेल: आधी गार करा, मग हॉस्पिटलला हलवा. कोसळल्यापासून अर्ध्या तासात थंड पाण्यात बुडवून अंगाचं तापमान खाली आणलं तर उष्माघाताने पोरगं सहसा दगावत नाही. त्यासाठी एक मोठा टब, पाणी आणि बर्फ लागतो. बस.

तुमच्या स्वतःच्या खेळाडूंसाठी २००३ पासून नियम आहे, ऑगस्टच्या प्रॅक्टिसचे पहिले काही दिवस (आधी पाच, २०२१ पासून सात) उन्हाची सवय करण्याचे, सुरुवातीला फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण पॅड. शरीराला उन्हाची पूर्ण सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात म्हणून. फ्लोरिडाने २०२० मध्ये कायदा करून हायस्कूलांना थंड पाण्याचे टब आणि ऊन, दमटपणा, वारा एकत्र मोजणारं वेट बल्ब मीटर ठेवणं बंधनकारक केलं. म्हणजे तिथल्या पोराला, ज्याला उन्हाची सवय आहे, त्याच्या शाळेत हे संरक्षण आहे. एका दिवसाच्या कॅम्पला मिनेसोटाहून, डकोटाहून, मिशिगनहून येणाऱ्या पोराला तेवढे दिवस कुठून मिळणार? ज्याला सवय नाही त्याच्याकडूनच पहिल्या तासात सगळ्यात जोरात पळून घेतात, कारण कोच घड्याळ घेऊन उभा असतो, आणि कुठलाही सतरा वर्षांचा पोरगा तिथे मला बरं वाटत नाहीये असं म्हणणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शाळकरी मुलांसाठी कॉलेज जो कुठला कॅम्प घेईल, एक दिवसाचा असो की तीन दिवसांचा, तिथे मैदानाच्या कडेला भरलेला थंड पाण्याचा टब, वेट बल्ब मीटर आणि आतलं तापमान मोजू शकणारा प्रशिक्षित ॲथलेटिक ट्रेनर असल्याशिवाय कॅम्प सुरू करू नका. मीटर ठरलेल्या आकड्यावर गेलं की बंद. उन्हाच्या दिवसांत वेळा सकाळच्या किंवा संध्याकाळच्या ठेवा आणि स्प्रिंटची टायमिंग दुपारी घेऊच नका. याला एनसीएएची मीटिंग होईपर्यंत थांबायची गरज नाही, बिग टेन आपल्या कॉलेजांपुरतं हे याच उन्हाळ्यापासून करू शकते, आणि मॅकनेअर तुमच्या कॉन्फरन्समधला होता म्हणून सुरुवात तुम्हीच करायला हवी.

सहीची मुख्य तारीख परत फेब्रुवारीत न्या. नसेल जमत तर प्रत्येक कॉलेजने काही जागा सीनियर सीझन बघून, फेब्रुवारीतच भरायच्या असा नियम करा.

ज्या राज्यांत स्प्रिंग फुटबॉल नाही तिथल्या शाळांसाठी पोरं बघायची मुदत जूनमध्ये वाढवा. आणि बिग टेनने उत्तरेत, तुमची इनडोअर मैदानं उन्हाळ्यात उघडून, सगळ्या कॉलेजांचे कोच एका जागी येतील असे कॅम्प घ्यावेत, फी परवडेल अशी ठेवून. मैदान तुमचं, छप्पर तुमचं, कोच तुमचे. आम्ही फक्त पोरं घेऊन येऊ.

कॅम्पच्या चार्टवर आणि तुम्ही मागवता त्या प्रत्येक फिल्मसोबत तापमान आणि वारा लिहिणं सक्तीचं करा. आणि १०५ च्या मर्यादेतून किकर, पंटर (बॉल हातातून सोडून लांब लाथाडणारे), लाँग स्नॅपर यांच्यासाठी तीन जागा बाहेर काढा, म्हणजे उशिरा दिसलेल्या पोरांना वॉक-ऑन म्हणून यायला दार राहील.

माझ्या मुलाला स्कॉलरशिप द्या असं मी म्हणत नाहीये. त्याचं हे वर्ष जसं जायचं तसं जाईल, आणि तुम्ही उद्या सगळं बदललंत तरी त्याला त्याचा फारसा उपयोग नाही. पण त्याच्या टीममध्ये नववीतला एक पोरगा आहे, लांब पायांचा, पुढच्या वर्षी किकर तोच होणार, आणि त्याचे वडील मला परवा विचारत होते की जूनमध्ये कुठल्या कॅम्पला पाठवू. मी त्यांना म्हटलं, जिथे पाठवाल तिथे आधी फोन करून विचारा की टब कुठे ठेवणार आहात आणि त्या दिवशी ती बिल्डिंग उघडी असेल का. हे वाचणाऱ्या सगळ्या आईबापांना पण तेच सांगते, उत्तर धड मिळालं नाही तर पैसे भरू नका.

तुमच्याकडून लेखी उत्तर हवंय, आणि ते पुढच्या जूनचे कॅम्प सुरू व्हायच्या आधी हवंय.

आपली,
मिनेसोटातल्या एका किकरची आई